पंडिता रमाबाई : दाखवायचा धर्म आणि जगायचा धर्म



एप्रिल महिन्यात पंडिता रमाबाईंची जयंतीही येते आणि पुण्यतिथीही. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापिका, केडगावच्या मुक्ती मिशनच्या माउली अशी त्यांची ओळख करून दिली जाते. मध्येच एक वाक्य येते की, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आणि माहिती पुढे सरकते.

या एका वाक्याच्या मागे मोठी कथा आहे. बाप्तिस्मा झाल्यावर आठ वर्षांनी रमाबाईंना प्रामाणिकपणे वाटले, की आपण धर्म तर घेतला, पण ज्याच्यासाठी घेतला तो देव अजून आपल्याला भेटलेलाच नाही. लोकांच्या दृष्टीने त्या केव्हाच ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र काम अर्धेच झाले होते. बाहेरचे आणि आतले यांचा मेळ घालण्यासाठी ही बाई आयुष्यभर झगडली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत येते हे पाहून त्यांनाही आपल्या पत्नीला शिकवावेसे वाटले. त्या काळी हा अपराधच होता. शास्त्रीबुवांना उडुपीच्या पंडितांपुढे उभे राहून, स्त्रीने संस्कृत शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही हे सिद्ध करावे लागले. पुढे त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात आश्रम बांधला. हे ठिकाण आज कर्नाटकात आहे. तिथेच रमाबाई जन्मल्या. त्या लहान असतानाच आश्रम सोडून कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, आणि पाठ त्यांना आईने, लक्ष्मीबाईंनी, वाटचालीतच दिले.

पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. पवित्र नद्यांत स्नाने केली, उपवास केले, मिळालेल्या पैशांतून दानधर्म केला. तशातच १८७४ ते १८७७ या वर्षांत मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. जवळचे पैसे संपले, भांडीकुंडी विकून झाली. पुराण सांगण्याखेरीज कोणते काम शिकलेले नव्हते, आणि मोलमजुरी करणे कुळाला शोभत नाही ही समजूत होती. अन्नावाचून प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. मागे उरले रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास.

हे भाऊबहीण पुढे हजारो मैल पायी हिंडले. सगळे विधी मनापासून पाळूनही हे का घडले, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. रमाबाईंची जुनी श्रद्धा इथे डळमळली. त्यांनी आईवडिलांना मात्र कधी दोष दिला नाही. त्यांच्याविषयीचा आदर त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत दिसतो.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे ऐकून तिथले पंडित चकित झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या.

याच कलकत्त्यात एक गमतीचा प्रसंग घडला. काही ख्रिस्ती मंडळींनी या भावंडांना आपल्या मेळाव्याला बोलावले. प्रार्थनेची वेळ झाली तसे सगळे जण आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून बसले. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. रमाबाईंना वाटले, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत! ही आठवण त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दुसऱ्याचा धर्म किती कमी समजतो, हे सांगायला याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून विवाह नोंदणी पद्धतीने झाला. दोघे आसामात सिल्चर येथे राहू लागले. तिथे घरातच रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक सापडले आणि त्या ते वाचू लागल्या. पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे पतीला पसंत नव्हते. मुलगी मनोरमा १८८१ मध्ये जन्मली आणि पुढच्याच वर्षी पटकीने बिपिनबाबूंचा मृत्यू झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन, मुलींसाठी शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी आग्रहाने मांडले. स्वतः डॉक्टर व्हावे असेही मनात होते. त्यासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला.

इंग्लंडात वाँटेज या गावी त्या सिस्टरांच्या मठात राहिल्या. या सिस्टरांचे लंडनच्या फुलम भागात एक घर होते. समाजाने पतित ठरवून हाकललेल्या स्त्रियांना तिथे आश्रय मिळे. रमाबाई ते पाहायला गेल्या. ज्यांचे कोणी तोंड पाहू इच्छीत नाही अशा स्त्रियांची या सिस्टर इतक्या मायेने सेवा का करतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या त्या स्त्रीला ख्रिस्त सांगतो, की देवाची उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात, हा प्रश्न उरणार नाही. खरी उपासना आत्म्याने आणि खरेपणाने होते.

ज्या मुलीचे बालपण एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाकडे चालण्यात गेले, तिला हे बोलणे किती भिडले असेल याची कल्पना करा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी महाराष्ट्रात पोहोचली तेव्हा मोठी खळबळ उडाली. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांतले पुष्कळ जण दुरावले. इकडे इंग्लंडातील मंडळींना वाटले, की आता ही बाई आपल्यातली झाली, आपण सांगू तसे वागेल. दोन्ही बाजूंचा अंदाज चुकला.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. दोघींमधला पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचला म्हणजे रमाबाईंचा करारीपणा कळतो. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडी घातलेले पदार्थही त्या खात नसत. हा जातीचा अभिमान अजून गेलेला नाही, असे सिस्टरांना वाटे. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपल्या देशाच्या चांगल्या चालीरीती पाळल्याने ख्रिस्तावरची श्रद्धा कमी होत नाही. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. लॅटिन आपल्याला परकी, मग तिथे संस्कृत शब्द का नसावेत, देवाला एखादी भाषा जास्त पवित्र वाटते काय, असे त्यांनी विचारले. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, तेव्हा पटला असे त्या म्हणाल्या नाहीत. पटत नसलेली गोष्ट प्रार्थनेत ओठांनी म्हणणे त्यांना खोटेपणा वाटे.

पुढे चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तिथे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना आली. हिंदुस्थानातील बिशपांनी तिला हरकत घेतली. मायदेशी भरसभेत पुरुषांपुढे बोलणाऱ्या रमाबाईंनी त्याबद्दल आपली नाराजी स्पष्ट शब्दांत कळवली. धर्मगुरूंचा मान त्या राखत, पण स्वतःची सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे जवळजवळ तीन वर्षे राहून, व्याख्याने देऊन त्यांनी हिंदुस्थानातील बालविधवांच्या शिक्षणासाठी मदत मिळवली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि खूप गाजले. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन मिळाले. शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती होणार नाही असे ठरले होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. मुलींना आपापले सोवळेओवळे आणि व्रते पाळण्याची मुभा होती. गोदूबाई ही तिथली पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक बालविधवा. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच आनंदीबाई कर्वे, ज्यांना लोक पुढे बाया कर्वे म्हणू लागले. स्त्रीशिक्षणासाठी झिजलेल्या महर्षी कर्व्यांच्या घराचा धागा असा शारदा सदनापर्यंत जातो.

बाहेरून सगळे छान चालले होते. रमाबाई बायबल वाचत, प्रार्थना करीत, परोपकार करीत. पण मनाला शांती नव्हती. इंग्लंड-अमेरिकेत त्यांनी ख्रिस्ती लोकांचे अनेक पंथ पाहिले होते आणि प्रत्येक पंथ आपलेच खरे म्हणे. तो गलबला पाहून त्या गोंधळून गेल्या होत्या. १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त पडले. हा गृहस्थ कित्येक वर्षे चर्चमध्ये प्रवचने देत होता, सगळे विधी यथासांग करीत होता. एके दिवशी व्यासपीठावर बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आले, की आपण सांगतो ते आपल्याच अंतःकरणात उतरलेले नाही.

रमाबाईंना त्या पुस्तकात आपलेच प्रतिबिंब दिसले. त्यांनी स्वतःशी हिशेब मांडला. आपण ख्रिस्ती धर्माची शिकवण बुद्धीने तपासून स्वीकारली, पण देवापुढे पूर्णपणे नम्र झालो नाही. धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. हा कबुलीजबाब त्यांनी १९०७ मध्ये छापूनही प्रसिद्ध केला. जगभर कीर्ती झालेल्या, लोकांना धर्माचा आदर्श वाटणाऱ्या बाईने असे लिहावे, याला धैर्य लागते. त्यांनी आपली प्रतिमा सांभाळली नाही, खरे सांभाळले.

पण या खरेपणाची किंमत लगेच मोजावी लागली. मनाला लाभलेला आनंद त्या लपवीनात. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. शहरात बोलवा झाली, की सदनात मुलींना बाटवतात. केसरीने कठोर टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे सदनाचे सल्लागार होते. त्यांनी १८९३ मध्ये आपले अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुलींना घरी नेले.

या वादाकडे आज शांतपणे पाहिले पाहिजे. पालकांनी मुली पाठवल्या त्या सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर. तो भरवसा मोडला असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. काही मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतला हेही खरे. दुसरीकडे रमाबाईंचे म्हणणे होते, की मी कोणाला जबरदस्ती करीत नाही. हिंदू मुलींना त्यांच्या पूजेची मोकळीक आहे, तशी मला माझ्या प्रार्थनेची असावी. दार लावून घेतले असते तर कदाचित वाद टळला असता. पण आत एक आणि बाहेर एक असे वागणे त्यांना जमणारे नव्हते. ज्याच्या हाताखाली लहान मुले आहेत, त्याने आपली श्रद्धा किती उघड करावी, हा प्रश्न सोपा नाही. पालकांनी आणि विश्वस्तांनीही यावर जरूर विचार करावा.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचे आईवडील आठवले. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडल्यावर आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. फुलमचे ते घर रमाबाई विसरल्या नव्हत्या. अंध मुलींसाठी, वृद्धांसाठी, मुलांसाठी वेगवेगळी सदने झाली. मुली विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छपाई अशी कामे शिकल्या. ज्या कुटुंबाला मजुरी कमीपणाची वाटली आणि त्यापायी उपासमार झाली, त्याच कुटुंबातील मुलीने प्रत्येकीच्या हाताला काम दिले. मुक्ती सदन हे मात्र उघडपणे ख्रिस्ती होते. संदिग्धपणा त्यांनी ठेवला नाही.

आपल्या धर्माच्या माणसांवर पांघरूण घालणेही त्यांना मान्य नव्हते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकारी रुग्णालयात आणि छावण्यांत स्त्रियांची जी हेळसांड चालली होती, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जळजळीत पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणून त्यांची लेखणी अडखळली नाही.

१९०५ मध्ये केडगावात धार्मिक जागृतीची लाट आली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, काही जणी अनोळखी भाषेत बोलू लागत. देशोदेशीचे लोक ते पाहायला आले. काही पंथांत असे बोलणे हीच पवित्र आत्मा लाभल्याची खूण मानली जाऊ लागली. रमाबाईंनी त्या मुलींची थट्टा होऊ दिली नाही. पण ही खूण प्रत्येकात दिसलीच पाहिजे, हे त्यांना मान्य झाले नाही. त्यांच्या मते खरी खूण एकच, ती म्हणजे माणसातले प्रेम. ते वागण्यात दिसले पाहिजे.

त्या स्वतः पांढरे जाडेभरडे लुगडे नेसत, साधे शाकाहारी जेवण घेत. इंग्रजी पेहराव हा ख्रिस्तीपणाचा दाखला आहे असे त्यांनी कधी मानले नाही. आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. आधीची भाषांतरे त्यांना संस्कृतप्रचुर वाटत. इतक्या मोठ्या संस्कृत पंडितेने कठीण शब्द बाजूला ठेवले आणि केडगावच्या अडाणी बाईलाही कळेल अशी मराठी लिहिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला आणि संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. खिळे जुळवण्यापासूनचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले.

आपल्या हैदराबादकडच्या मराठी मंडळींना माहीत असावे, की त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यातही, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, रमाबाईंनी शाळा काढली होती आणि तिची जबाबदारी मनोरमाबाईंनी सांभाळली होती. ही एकुलती एक मुलगी जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. त्यानंतर नऊ महिन्यांनी रमाबाईही गेल्या. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे काम आजही चालू आहे.

रमाबाईंची सगळी मते सर्वांना पटतील असे नाही. उत्तर आयुष्यात हिंदू धर्माविषयी त्यांनी फार कडक लिहिले, असे अनेक अभ्यासकांना वाटते. पण जी फूटपट्टी त्यांनी दुसऱ्याला लावली तीच आधी स्वतःला लावली, हे कोणीही नाकारणार नाही.

मित्रांनो, आपल्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. कोणाच्या कपाळी गंध असते, कोणाच्या गळ्यात क्रूस असतो, कोणाच्या डोक्यावर टोपी असते. या खुणा आपापल्या घरच्या आहेत आणि त्यांचा मान राखावाच. पण शेजारच्या बाकावरचा मुलगा डबा विसरला, तर आपल्या डब्यातली अर्धी पोळी कोण पुढे करतो, हे बघत जा. रमाबाई असत्या तर त्यांनीही तेच बघितले असते.